सांगलीत निबंध वाचला, हरिपुरात तपासला

फेब्रुवारीत सांगलीच्या एका महाविद्यालयात आंतरविद्याशाखीय परिषद झाली. तिथं मी पहिल्यांदा शोधनिबंध सादर केला. मी साताऱ्याची, भूगोलात पीएच.डी. करते. निबंधाचा विषय होता 'हरिपूरची हळदीची पेवं आणि २००५ चा महापूर'. हरिपूर हे सांगलीजवळचं गाव, आणि पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. सातारा-कराडकडची बरीच मुलंमुली दर हिवाळ्यात अशा परिषदांना सांगली-मिरजेला जातात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात गोषवाऱ्यापासून. ३०० शब्दांची मर्यादा होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात त्यातले निम्मे शब्द हळदीचं महत्त्व, सांगलीची बाजारपेठ, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन यांतच गेले होते. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचून एवढंच विचारलं, "यात तू काय शोधलंस ते कुठं आहे?" मग मी पुन्हा लिहिला. प्रश्न काय, माहिती कुठून आणि कशी गोळा केली, हाती काय लागलं, एवढंच ठेवलं. पार्श्वभूमीला दोन वाक्यं पुरली. गोषवारा निवडणाऱ्यांपुढं असे ढीगभर कागद असतात, त्यांना तुमचं काम पहिल्या चार ओळींत दिसायला हवं.

मराठीतून निबंध पाठवणाऱ्यांनी फाँटकडे फार लक्ष द्यावं. मी सवयीनं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात सगळं टाईप केलं होतं आणि आयोजकांना युनिकोड हवं होतं. रूपांतर केलं तर रफार भलत्याच अक्षरावर बसले, काही जोडाक्षरं फुटली, तळटीपांचे आकडे गायब झाले. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री अठरा पानं ओळ न् ओळ तपासत बसले. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. पाठवताना वर्ड फाईलबरोबर पीडीएफही जोडा, म्हणजे मूळ मजकूर कसा होता याचा पुरावा राहतो.

परिषद निवडतानाही थोडं थांबा. 'दोन दिवसांत स्वीकृती, चार दिवसांत प्रकाशन' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. दोन दिवसांत कुणी निबंध वाचून त्यावर मत देत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक प्रकाशित निबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. तरी तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे तो पीएच.डी. विभागात विचारा, सीनियरच्या सांगण्यावर राहू नका. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक कसं आहे ते आता आपल्यालाच पारखावं लागतं. त्याचे जुने अंक उघडून दोन-तीन निबंध खरोखर वाचावेत. मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. साताऱ्याहून सांगलीला एसटी बरी. कराड ओलांडून पेठ नाक्याला हायवे सोडायचा आणि आष्ट्यामार्गे सांगली, साधारण तीन तास धरावेत. रेल्वेही आहे, पण साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला आहे, तिथवर पोचण्यातच वेळ जातो. सकाळी नऊची नोंदणी असेल तर आदल्या संध्याकाळीच जा. मी तसं केलं म्हणून सकाळी निवांतपणे सभागृह बघता आलं, पेनड्राइव्ह लावून स्लाईड उघडून बघता आल्या. तिथल्या संगणकावर माझा फाँट नव्हता. पीडीएफ होती म्हणून निभावलं. विश्रामबाग हा सांगली-मिरज रस्त्यावरचा भाग. कार्यक्रम तिकडं असेल तर मुक्काम सांगलीत करा किंवा मिरजेत, दोन्हीकडून रिक्षा आणि बस मिळतात.

उद्घाटन लांबलं. सत्कार झाले, बीजभाषण झालं आणि समांतर सत्रं तासभर उशिरा सुरू झाली. दहा मिनिटांचा वेळ सात मिनिटांवर आला. माझ्या आधीच्या एका संशोधकाची पाच मिनिटं आभार आणि प्रस्तावनेत गेली. घंटा वाजली तेव्हा त्याचे निष्कर्ष अजून तीन स्लाईड लांब होते. फार वाईट वाटलं, कारण काम चांगलं होतं. मी घरी दोन तयाऱ्या केल्या होत्या, एक दहा मिनिटांची आणि एक सहाची. सहाची कामाला आली. निष्कर्ष आधी सांगितला, मग तो कशावरून काढला ते. कागद हातात होता पण वाचला नाही.

आता खरी गोष्ट. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं आणि आत फुगत गेलेलं कोठार. हरिपूरची माती घट्ट, तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. आत हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की हवा कोंडते, कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. माझी मांडणी ही एवढी. ती करून मी थांबले.

सत्राध्यक्षांनी विचारलं, "कृष्णेला पूर आधीही यायचे. मग २००५ लाच पेवं का गेली?"

मी गप्प झाले. २००५ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे मला तोंडपाठ होतं. पण पाणी किती दिवस उभं राहिलं आणि आधीच्या पुरांत ते हरिपुरात कुठवर आलं होतं, हे मी तपासलंच नव्हतं. मी म्हणाले, "सर, याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. पातळीच्या जुन्या नोंदी बघून मी ते निबंधात घालीन." त्यांनी मान हलवली आणि पुढचं वाक्य माझ्यासाठी मोलाचं ठरलं, "नोंदी बघाच, पण आधी हरिपूरला जाऊन या. इथून जवळ आहे."

उत्तर नसेल तर तसं स्पष्ट सांगा. माझ्यानंतरच्या एकीनं प्रश्नाला दुसऱ्याच कशाचं लांबलचक उत्तर दिलं. मग सत्राध्यक्षांनी तिला पुढं काही विचारलंच नाही, आणि तिच्या हातून एक चांगली सूचना निसटली.

समारोपाला न थांबता मी रिक्षानं हरिपूरला गेले. प्रमाणपत्र मैत्रिणीला घ्यायला सांगितलं, त्यासाठी अधिकारपत्र आधीच लिहून ठेवावं लागतं. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं मंदिर, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. व्यापाऱ्यांच्या मुलाखती मी आधी मार्केट यार्डात घेतल्या होत्या, पण हरिपुरात पाऊल पहिल्यांदाच टाकत होते. आज हे लिहितानाही ते मला बोचतं.

मंदिराबाहेर बसलेल्या एका आजोबांना पेवांबद्दल विचारलं. तरुणपणी ते पेवात उतरायचे. म्हणाले, "पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई, पोरी. दिवसभर उघडं ठेवायचं. मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर माणूसबी विझतो." कोंडलेल्या हवेत प्राणवायू उरत नाही, हे मी निबंधात एका ओळीत लिहिलं होतं. उतरणाऱ्या माणसांचा जीव मात्र माझ्या अठरा पानांत कुठंच नव्हता. त्यांनी मला एका परड्यात नेऊन बुजवलेल्या पेवाची जागा दाखवली. जमीन किंचित खचलेली, वर गवत. पुराच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. ती उंची मी टेपनं मोजून घेतली.

क्षेत्रभेटीचा विषय असेल तर वही, टेप आणि मोबाईलची पॉवर बँक परिषदेच्या पिशवीतही असू द्या. कुणाचा फोटो किंवा बोलणं वापरायचं असेल तर तिथंच परवानगी घ्या, घरी परतल्यावर ते राहून जातं. मी आजोबांना विचारलं. त्यांनी नाव छापू नको म्हणून सांगितलं, म्हणून ते निबंधातही नाही आणि इथंही नाही.

परिषदेनंतर सुधारित निबंध पाठवायला पंधरा दिवस मिळाले होते. ही मुदत बहुतेक ठिकाणी असते आणि बरेच जण तोच जुना निबंध पुन्हा पाठवतात. मी पातळीच्या नोंदींसाठी पाटबंधारे खात्याकडे अर्ज केला. उत्तर मुदतीत आलं नाही, म्हणून तो प्रश्न निबंधात मर्यादा म्हणून उघड लिहिला. पेवात उतरणाऱ्या कामगारांवर दोन पानं वाढवली, भिंतीवरची उंची नकाशात दाखवली, आणि प्रस्तावनेतली हळदीच्या महत्त्वाची उरलेली दोन वाक्यंही काढून टाकली. छापील प्रत आली की एक प्रत आजोबांना नेऊन द्यायची आहे.