चिऱ्याची भिंत आणि वायफायचा वेग

फोंडा तालुक्यातील आमचे घर जुने, राजांगणाचे, म्हणजे मधोमध उघडा चौक असलेले आहे. इंटरनेटची फायबर केबल पुढच्या वसरीत येते आणि मुलीची अभ्यासाची खोली राजांगणाच्या पलीकडे आहे. म्हणजे मध्ये दीड-दीड फूट जाडीच्या दोन चिरेबंदी भिंती. ऑनलाइन तोंडी परीक्षेत तिचा आवाज तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा मी सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. त्यांनी ५० एमबीपीएसऐवजी (सेकंदाला ५० मेगाबिट) १५० चा प्लॅन सुचवला. मी तो घेतला, पण तिच्या खोलीत काहीच फरक पडला नाही.

तेव्हा मी नीट मोजायला बसलो. घरातील सगळे फोन वायफायवरून काढले, लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडला आणि वेग तपासला, तर आकडा आला ९४. सकाळी ९४, रात्री नऊ वाजताही ९४. लाइनवरील गर्दीमुळे वेग घटत असता तर आकडा वरखाली झाला असता. तो एकाच ठिकाणी अडतो, याचा अर्थ वाटच तिथे अरुंद आहे. राउटर उलटा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. त्याचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, १०० एमबीपीएसचे होते, आणि त्यातला थोडा भाग माहितीसोबत जाणाऱ्या पत्त्यांच्या नोंदींतच खर्च होतो. कंपनीने १५० चे पैसे घेतले, पण स्वतःच दिलेला राउटर तेवढा वेग पुढे सोडू शकत नाही, हे सांगितले नाही, याचा मला खरोखर राग आला.

आणखी एक गोंधळ याच वेळी सुटला. प्लॅनमधील एमबी हे मेगाबिट असतात, तर फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त दिसणे शक्यच नाही.

दुकानात गेलो तेव्हा एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिले होते. राउटर दोन वायफाय लहरींवर चालतो; त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरील ८६७ एमबीपीएस यांची ही शेकड्यापर्यंत वाढवून लिहिलेली बेरीज आहे. कोणत्याही एका फोनला ती कधीच मिळत नाही. त्याच खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत पोर्ट १०/१०० असे छापले होते. मी शेजारचा, १०/१००/१००० लिहिलेला वायफाय ६ चा राउटर घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, चार अँटेनांचा घ्या, भिंतीपार जाईल." मला ते पटले नाही. राउटरने किती शक्तीने सिग्नल सोडावा याला नियमांची मर्यादा असते, आणि फोनच्या लहानशा अँटेनालाही त्याच भिंतीतून उलट उत्तर पाठवावे लागते.

नव्या राउटरवर केबलने १४८ आले, मुलीच्या खोलीत मात्र ६. तिथे ५ गिगाहर्ट्झचे नाव यादीत दिसतही नव्हते, २.४ लांब पोहोचते, भिंतींतूनही जास्त जाते, पण तिचा वेग मुळातच कमी. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस सलग मिळाले तर पुरतात, म्हणजे पूर्वीचा ५० चा प्लॅनही तिला पुरेसा होता. फक्त तो तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

शेवटी इलेक्ट्रिशियनकडून छपराखालच्या वाशांना धरून कॅट ६ केबल राजांगणापलीकडे नेली आणि तिच्या टोकाला जुना राउटर जोडला. त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) बदलून डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना असे पत्ते वाटण्याची सोय, बंद केले, आणि केबल बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या वॅन पोर्टमध्ये न लावता घरातील उपकरणांच्या लॅन पोर्टमध्ये लावली. हे केले नाही तर दोन्ही राउटर पत्ते वाटू लागतात. १०० चे पोर्ट या कामाला भरपूर आहे.

आता आषाढातील पावसात चिरा पाणी पिऊन ओला झाला आहे आणि वसरीतील सिग्नल पूर्वीपेक्षाही लवकर विरतो, पण मुलीच्या टेबलावर आकडा ८५ च्या खाली गेलेला नाही.