पोट नेमकं कशानं बिघडतं? एकेक पदार्थ परत खाऊन बघण्याची रीत

जेवल्यावर तासाभरात पोट फुगतं, गॅस धरतो, दिवसातून तीनदा पळावं लागतं. अशा तक्रारींवर घरोघरी पहिली बंद होते ती पोळी. मग दूध. मग कुणीतरी सांगितलं म्हणून वांगं आणि हरभऱ्याची डाळ. थोडं बरं वाटतं आणि गाडी तिथेच थांबते. कशानं बरं वाटलं ते कळलेलं नसतं, त्यामुळे काहीच परत सुरू करायची हिंमत होत नाही. खरं तर बंद करणं ही फक्त तयारी आहे. माहिती मिळते ती परत खाताना.

पोळी सोडण्याआधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या (गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो हा आजार). गहू बंद केल्यावर ती तपासणी आजार असूनही नकारात्मक येऊ शकते. आधीच सोडला असेल तर डॉक्टरांना विचारून साधारण 6 आठवडे रोज गहू खाऊन मग तपासणी करतात. शौचावाटे रक्त, आपोआप घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा रक्तक्षय असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर. एखाद्या पदार्थानं अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, श्वास लागतो, तर ती अ‍ॅलर्जी आहे. तो पदार्थ घरी ‘खाऊन बघायचा’ नाही, अगदी चिमूटभरही नाही. लहान मुलं, गरोदर बायका, इन्सुलिन घेणारे, आधीच वजन कमी असलेले, यांनी आहारतज्ज्ञाशिवाय यात पडू नये. आणि शंभरेक पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या आयजीजी तपासणीवर (ती रक्तातले एका प्रकारचे प्रतिपिंड मोजते) पैसे घालू नका. ते प्रतिपिंड तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात.

पोटाच्या तक्रारींसाठी सगळ्यात नीट बसवलेली पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाची, लो-फॉडमॅप. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात पुरती न शोषली जाणारी कर्बोदकं. ती पाणी ओढतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, आणि गॅस होतो. आपल्या स्वयंपाकघरातली नावं: दुधातलं लॅक्टोज, गहू-कांदा-लसणातलं फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांतलं गॅलॅक्टन, मध आणि आंब्यातलं जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि अळंबीतलं मॅनिटॉल.

आधी आठवडाभर नेहमीचंच खा आणि वही ठेवा: काय, किती, किती वाजता, त्रास 0 ते 10 मध्ये किती, शौच कसं, झोप, पाळीचे दिवस. हा आकडा नसेल तर पुढच्या कशाशीच तुलना करता येत नाही. मग 3 ते 4 आठवडे वरचे सगळे गट बंद. भात, ज्वारी-नाचणीची भाकरी, बटाटा, गाजर, काकडी, पालक, अंडी, मासे, चिकन, तूप, आलं, मिरची, कोथिंबीर चालतं. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच.

फसगत होते ती मसाल्याच्या डब्यात. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. कांदा-लसूण मसाला तर नावानिशी उभा आहे, पण पाकिटातल्या चिवड्यात आणि सूपमध्येही लसणाची पूड सापडते. थालीपिठाची भाजणी पूर्ण बाद, तिच्यात डाळीही असतात आणि बऱ्याच घरी गहूही. लसणाशिवाय फोडणी गळ्याखाली उतरत नसेल तर ठेचलेल्या पाकळ्या तेलात तळून काढून टाका. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही, म्हणून वास राहतो आणि त्रास जातो. आमटीत उकळलेला लसूण काढून मात्र काही उपयोग नाही, फ्रुक्टन रश्श्यात उतरलेलं असतं. असं तेल ताजंच करा. लसणाचं तेल बाहेर भरून ठेवलं तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, धोका असतो.

4 आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर फॉडमॅप हे कारण नाही. नेहमीच्या जेवणावर परत या. फरक पडला, तर तपासणी सुरू.

एका गटाला 3 दिवस, रोज मात्रा वाढवत, आणि मग 3 दिवस पुन्हा सगळे गट बंद असलेलं जेवण. दूध: 60, 125, 250 मिली. चहातून नको, साधं दूध, कारण चहाही पोट हलवतो. 250 मिलीत सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज असतं. दूध बाधलं तरी दही वेगळं तपासा, पुष्कळांना ते चालतं. गहू: अर्धी पोळी, एक, दोन. कांदा शिजवलेला: 10, 20, 40 ग्रॅम. लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक. उकडलेले हरभरे: 2 चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी. मध: 1, 2, 3 चहाचे चमचे. फ्लॉवर: पाव वाटी, अर्धी, एक. मधेच सहन न होण्याइतका त्रास झाला तर मात्रा वाढवू नका, तिथेच थांबा. थोडा गॅस म्हणजे नापास नव्हे. वहीतल्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

लॅक्टोजचा त्रास बहुधा अर्ध्या ते दोन तासांत कळतो. फ्रुक्टन आणि गॅलॅक्टन मोठ्या आतड्यात आंबतात, त्यामुळे दुपारच्या कांद्याचा हिशेब रात्री, कधी दुसऱ्या सकाळी लागतो. त्या वेळी नुकतंच खाल्लेल्या भातावर आळ येतो. रोज वेगळा पदार्थ तपासणाऱ्यांची वही म्हणूनच निरुपयोगी ठरते.

मिश्र पदार्थानं काहीच कळत नाही. वडापावात पावाचा गहू, आवरणाचं बेसन, चटणीतला लसूण आणि वर तळणीचं तेल. चातुर्मासात कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्या घरांना चार महिन्यांची आयती संधी मिळते, पण परत सुरुवात कांदाभजीनं होते आणि संधी वाया जाते. पोट दुखलं तर बेसन की कांदा?

गहू बाधला म्हणजे ग्लुटेन बाधलं, असंही धरू नका. नॉर्वेतल्या 59 जणांच्या 2018 च्या अभ्यासात, ग्लुटेन सोसत नाही असं मानणाऱ्या लोकांना (सीलिअ‍ॅक नसलेल्या) ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टननं जास्त त्रास झाला होता. फ्रुक्टन हेच कारण असेल तर एक पोळी चालून तिसरी बाधू शकते. ज्वारीची भाकरी कायमची करायची गरजच उरत नाही.

भीतीनंही पोट बिघडतं. दुधाचा निकाल संशयास्पद वाटला तर घरच्या कुणाला तरी 3 दिवस साधं आणि 3 दिवस लॅक्टोजमुक्त दूध, कधी कोणतं ते न सांगता, द्यायला सांगा. लॅक्टोजमुक्त दूध जरा गोड लागतं, म्हणून दोन्हींत साखर घाला. परीक्षेचा आठवडा, प्रवास, पाळीचे दिवस, लग्नसराई यांत तपासणी नको.

पास झालेला पदार्थही लगेच रोजच्या ताटात आणायचा नाही. सगळ्या गटांची फेरी होईपर्यंत बाजूलाच ठेवा, कारण हे सगळं एकात एक मिळून साचतं. गट संपल्यावर जे चाललं ते सगळं परत आणा, जे बाधलं त्याची मात्रा चाललेल्या शेवटच्या पायरीवर ठेवा. तीन महिन्यांनी नापास पदार्थ याच पायऱ्यांनी पुन्हा तपासा. सोसण्याची ताकद बदलत राहते.