उजळणीचा तगादा

पाठ केलेल्याची उजळणी करून घेणारा अंकी नावाचा प्रोग्राम दिसायला अगदीच रुक्ष आहे. खिडकीच्या मधोमध एक प्रश्न, खाली एक बटण. बरोबर आलं म्हणून घंटा वाजत नाही, चुकलं म्हणून कुणी चित्रातलं पाखरू रडवेलं होत नाही. स्पेसबार दाबला की उत्तर दिसतं आणि तळाशी चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. आपल्याला कितपत आठवलं हे आपणच सांगायचं. प्रत्येक बटणापाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, हे दाबलंत तर पुन्हा कधी भेट होईल: मिनिटभरात, दहा मिनिटांत, नाहीतर एकदम चार दिवसांनी. बस्स, एवढाच कारभार.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो भाचीनं टाकून दिला. ती मेडिकलला आहे. नसा, स्नायू, औषधांची नावं असलं सगळं ती पोरं ह्याच्यावर घोकतात. माझं घोकणं निराळं. निवृत्तीनंतर मोडीच्या वर्गाला जात होते. माहेरच्या ट्रंकेत एक रुमाल आहे, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा. खरेदीखतं, कर्जरोखे, दोन-चार खासगी पत्रं. ते आपल्याला वाचता यावं एवढीच इच्छा. वर्गात बाराखडी झाली, बोरूनं कित्ते गिरवून झाले, वर्ग संपला आणि अक्षरं एकेक करून गळायला लागली. "मावशी, ह्यात घाल सगळं. तू विसरायच्या आत तो विचारेल," भाची म्हणाली.

विसरायच्या आत विचारायचं, ही कल्पना बरीच जुनी आहे. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरल्या, आणि कधी किती विसरलो ह्याची नोंद करून १८८५ साली पुस्तक छापलं. पाठ केलेलं तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतं, पण पुढे गळतीचा वेग मंदावतो, महिन्यानंतरही पाचवा हिस्सा उरतो, असा त्याचा हिशेब. अर्थशून्य अक्षरं वर्षानुवर्षं घोकत बसलेल्या त्या माणसाच्या घरचे काय म्हणत असतील, असं माझ्या मनात नेहमी येतं. पुढे १९७२ साली सेबास्टियान लाइटनर ह्यानं प्रश्नोत्तरांच्या कार्डांसाठी पाच कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात, आणि पुढचे कप्पे क्वचितच उघडायचे. पोलंडमधला पिओत्र वोझ्नियाक १९८५ पासून कागदावर असे अंतरांचे प्रयोग करत होता. १९८७ साली त्यानं त्यातून कॉम्प्युटरचा प्रोग्राम केला. त्याचं सूत्र शाळकरी पोरालाही कळावं: पहिली उजळणी एका दिवसानं, दुसरी सहा दिवसांनी, मग दर वेळी आधीच्या अंतराची साधारण अडीचपट. कार्ड जड गेलं तर पट कमी. डेमियन एल्म्स ह्यानं २००६ साली अंकी केला, त्याच्याही पायाला बरीच वर्षं हेच सूत्र होतं. आता त्यात नवं गणितही आलंय. त्याला सांगता येतं की मला शंभरातली नव्वद कार्डं आठवली तरी चालतील, आणि मग तो त्या बेतानं प्रश्न विचारतो. दहा विसरली जाणार हे धरूनच चालायचं. शंभर म्हणाल तर रोजची उजळणी इतकी वाढते की बाकी काही करायला नको.

हे वाचलं आणि मला आमचा परवचा आठवला. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. आजोबांना औटकीसुद्धा यायची. परवच्यात निवड नव्हती. जे येतं तेही रोज, येत नाही तेही रोज. आणि सगळं एका सुरात. ज्या भावंडाला एकोणतीसचा पाढा यायचा ते मोठ्यानं म्हणायचं, बाकीचे आम्ही शेवटच्या अक्षरावर हजेरी लावायचो. ताल इतका पक्का की न येणाऱ्यालाही आपल्याला येतंय असं वाटावं. परवच्यानं माझे पाढे पक्के झाले ह्यात वाद नाही, पण "सत्तावीस सक्कं?" असं मधूनच विचारलं की मी आजही सत्तावीस एकेपासून निघते आणि सहावर येऊन थांबते. अंकी नेमका मधूनच विचारतो. कालचा क्रम आज नसतो. मागेपुढे धरायला काही नाही.

मोडीला हा स्वभाव मानवतो, कारण तिच्यात सुटं सुटं लक्षात ठेवायचं खूप आहे. इकार एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, हे झालं सुख. पण काना किंवा उकार लागला की काही अक्षरं मूळ रूप सोडून भलतंच वळण घेतात, ते वेगळं पाठ करावं लागतं. रकमांमध्ये एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. इथे पावकी-निमकी शिकलेल्याला बरं पडतं. आणि मग ते शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली कालगणना. तिच्यात साल आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहिलेलं असतं. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. अशर दहा, अशरीन वीस. मया शंभर, अलफ हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे साल मृगाला बदलतं, म्हणून इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ म्हणजे इसवी १७६०-६१. पानिपत ह्याच सालातलं.

असल्या शब्दांसाठी तर हा प्रोग्राम जणू मुद्दाम केलाय. सबा सात आणि सबैन सत्तर, समान आठ आणि समानीन ऐंशी. वाचताना सोपे, नुसता शब्द समोर आला की गडबड. एकच कार्ड आठ वेळा हातचं निसटलं की अंकी त्याच्यावर 'लीच', म्हणजे जळू, असा शिक्का मारतो आणि सांगितलं असेल तर ते बाजूलाही काढतो. म्हणजे ह्या जळवेला रक्त पाजत बसू नका, कार्ड नीट बनवा. माझं 'समान' असंच जळू होऊन बसलं होतं. एका कार्डावर तिन्ही गोष्टी कोंबल्या होत्या: शब्द, आकडा आणि नमुन्याचं साल. तीन कार्डं केल्यावर ते मुकाट्यानं लक्षात राहायला लागलं. एका कार्डानं एकच विचारावं हा ह्यातला सर्वांत कामाचा नियम, आणि तो पाळणं सर्वांत जिवावर येतं.

कार्डं बनवण्यात मला जो आनंद होतो तो उजळणीत होत नाही, हे सांगून टाकते. दुसऱ्यांनी केलेले गठ्ठे आयते घेता येतात, भाचीच्या वर्गात तेच चालतं. तिचं बरोबर आहे, परीक्षा दारात असते. पण मला आयता गठ्ठा परक्याच्या वहीसारखा लागतो. मी कागद स्कॅन करते, त्यातलं एखादं अक्षर कापून कार्डाच्या पुढच्या बाजूला चिकटवते, मागे बालबोध, म्हणजे देवनागरी, रूप लिहिते. तेवढ्यातच ते निम्मं पाठ होतं. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, फॉन्टही आहेत, त्यानं कार्डं झटपट होतात. पण फॉन्टमधलं अक्षर मुंजीतल्या बटूसारखं न्हाऊन-माखून उभं असतं. आमच्या रुमालातल्या कारकुनांना कागद वाचवायचा होता आणि बोरू उचलायचा नव्हता.

ह्या कापलेल्या अक्षरांनी एक गंमत दाखवली. एका 'ज'च्या खाली शाईचा लहानसा डाग होता. ते कार्ड मला फार पटकन येई. गुड, गुड, ईझी. मग तसाच 'ज' दुसऱ्या कागदात समोर आला आणि ओळखच लागेना. मी इतके दिवस डाग वाचत होते. भाचीला सांगितलं तर ती हसली, "आमच्याकडे पण होतं. प्रश्नाचे पहिले दोन शब्द दिसले की उत्तर बाहेर, मधलं वाचतंच कोण!" आता मी एका अक्षराचे चार-पाच हातांचे नमुने घालते. एक सरळसोट, एक घाईतला, एक म्हाताऱ्या हाताचा असावा असा थरथरलेला.

आणि ती चार बटणं. तिथे बघायला कोणी नसतं. 'असंच काहीतरी होतं, आलंच की' असं म्हणून गुड दाबायला काय लागतं? पण दाबलं की ते कार्ड तीन आठवडे तोंड दाखवत नाही, आणि तीन आठवड्यांनी येतं तेव्हा त्या 'काहीतरी'तलंही काही उरलेलं नसतं. शाळेत बाईंना फसवलं की बाई फसायच्या आणि आपण सुटायचो. इथे फसायला दुसरं कोणी नाही, त्यामुळे फसवण्याची मजाच जाते. भाची म्हणते, हार्डला हात लावू नकोस, आलं की गुड, नाही की अगेन. मला ते पटलंय. चार बटणांपुढे मन वकिली करायला लागतं, दोन असली की कबुली पटकन मिळते.

दोन दिवस बसलं नाही तर मात्र तो सोडत नाही. गौरी-गणपतीत कोण कॉम्प्युटर उघडणार? विसर्जनानंतर उघडला की गावाहून परतल्यावर दारात साठलेल्या वर्तमानपत्रांसारखी कार्डं पुढ्यात. फरक एवढाच की शिळी वर्तमानपत्रं न वाचता रद्दीत देता येतात. आमचे हे अशा वेळी मागे येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "बँकेत असताना तू लोकांना हप्त्यासाठी फोन करायचीस ना? आता भर." मी तिकडे लक्ष देत नाही. रोजची नवी कार्डं शून्यावर आणते आणि थकबाकी हळूहळू फेडते. व्याज लागत नाही, हे ह्यांना सांगून उपयोग नाही.

एवढं करून रुमाल वाचता येतो का? इथे मला अंकीबद्दल जरा हात राखून बोलावं लागेल. अक्षरं येतात. आकडे, महिने, सालं येतात. पण मोडीचा लेखक आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि मग त्यांना अक्षरं टांगत सुटतो. शब्द कुठे संपला ते सांगत नाही, विरामचिन्हांचं तर नावच नको. पहिल्यांदा मूळ पान समोर घेतलं तेव्हा प्रत्येक अक्षर ओळखीचं आणि ओळ अनोळखी, अशी अवस्था झाली. वर्गातले सर मात्र नजर टाकली की 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' एका दमात म्हणून पुढच्या ओळीला लागायचे. त्यांनी तो मायना अक्षरं लावून वाचलेलाच नसायचा. तो तिथे असणारच हे त्यांना ठाऊक, डोळा फक्त खातरजमा करून पुढे. ही सवय कार्डातून येत नाही. ती पानामागून पानं वाचून येते, आणि तिथे आमचा परवचाच जवळचा, तो सूर, ती पुढचं येणारच ही खात्री.

म्हणून आता सकाळी चहानंतर कार्डं, आणि दुपारी डुलकी काढून झाली की एक कागद, मोठ्यानं वाचत. अडलं तर खूण करायची, थांबायचं नाही. एका कर्जरोख्यात चुलतपणजोबांनी बैलजोडीसाठी घेतलेले रुपये निघाले. ते फेडल्याचा कागद मात्र अजून सापडलेला नाही. गठ्ठ्यात बरेच कागद बाकी आहेत, तेव्हा इतक्यात त्यांना बोल लावत नाही.

मधे 'अलफ'चं कार्ड आलं. ते आता इतकं पक्कं झालंय की ईझीपाशी 'चार वर्षं' असं दिसत होतं. मी ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "तोवर हा कॉम्प्युटर चालेल?" मी गुड दाबलं. त्यात जरा अलीकडची तारीख मिळते.