सर्टिफिकेट आलं, पण दुसऱ्याच मीटरचं

अंबडला आमचं पेंट शॉप आहे. थिनरची वाफ मोजायला हातात मावणारा पीआयडी मीटर (आतल्या अतिनील दिव्याने हवेतली वाफ ओळखणारा) घेतला. कोटेशन, परचेस ऑर्डर, डिलिव्हरी, काही अडलं नाही. पहिल्या वार्षिक कॅलिब्रेशनने, म्हणजे आकडा तपासून जुळवून घेण्याने, मात्र 35 दिवस खाल्ले.

पुण्याच्या लॅबने फोनवर सांगितलं, "चार दिवसांत देतो, साहेब." आठव्या दिवशी कळलं, ज्या गॅसवर मीटर जुळवतात त्या आयसोब्युटिलीनचा त्यांचा सिलिंडरच संपलाय. (मीटर पाठवण्याआधी हे विचारा. मी विचारलं नव्हतं.) सिलिंडर आला, 100 पीपीएमवर (दहा लाख भाग हवेत शंभर भाग गॅस) कॅलिब्रेशन झालं, मीटर परत आला. मी खुशीत फाइल लावली. ऑडिटरने कागद आणि मीटर शेजारी ठेवले आणि सिरियल नंबरवर बोट टेकवलं. शेवटचे दोन आकडे उलटे! कागदावरचा मीटर आमचा नव्हताच.

लॅबचं म्हणणं, "सर, सिस्टीममध्ये तसंच आलंय. लेटरहेडवर अर्ज द्या, मूळ प्रत कुरिअर करा." केलं. मग सही करणारे साहेब रजेवर. मग प्रिंटर बंद. शेवटी पहाटेची एसटी धरून पुणं गाठलं आणि काउंटरसमोर उभाच राहिलो. दहा मिनिटांत दुरुस्त सर्टिफिकेट हातात. दहा मिनिटांचं काम! मीटर देताना त्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि कागद आला की आधी नंबर जुळवा, मग सही.

मधल्या काळात फोरमन म्हणायचा, "वास कुठं येतोय?" नाक थोड्या वेळात सरावतं, त्याच्यावर भिस्त नको. भाड्याने मीटर आणला, तर रंगाच्या बूथजवळ 140 पीपीएम दिसलं आणि पोरं घाबरली. तो आकडा आयसोब्युटिलीनच्या हिशेबातला. थिनरमधल्या टोल्युइनसाठी साधारण 0.5 ने गुणायचं, म्हणजे 70. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या तक्त्यात टोल्युइनची आठ तासांची मर्यादा 100 पीपीएम होती. तरी एक्झॉस्टचा फिल्टर बदललाच.

हे राहिलंच: मीटरमधला 10.6 ईव्हीचा (ईव्ही म्हणजे दिव्याच्या किरणांच्या ऊर्जेचं माप) दिवा मिथेनॉल पकडत नाही. थिनरमध्ये ते असेल तर शून्य बघून निश्चिंत होऊ नका. पावसाळ्यात दमट हवेनेही आकडा भरकटतो. आधी दिवा साफ करून बघा.

आणि मार्करचं टोपण काढून मीटरच्या तोंडाशी धरलं की आकडा उडतो, त्याला आमची पोरं कॅलिब्रेशन म्हणायची. तो मार्कर आता माझ्या कुलपात आहे.