पिठल्याची प्रगती, सहावा महिना: बांगडी अजून खांबावर बसत नाहीये

मागच्या वेळी पिठल्या काठीला चोच लावत लावत गोल फिरायला शिकला होता आणि मी जाम खुशीत होतो, आता पुढचं ऐका, म्हणजे बांगडी उचलून उभ्या खांबात घालणं. नवीन मंडळींसाठी सांगतो, पिठल्या म्हणजे आमचा कॉकाटिल, म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट, रंगाची जात लुटिनो, अंग फिक्कट पिवळं आणि गालावर केशरी टिकल्या, वय दीड वर्ष, वजन ९२ ग्रॅम. नाव आईने ठेवलं, रंग बघून. घरी येणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो "बोलतो का?" आणि मी म्हणतो नाही, शिट्टी मारतो आणि कामं करतो, की त्यांचा चेहरा पडतो.

हाकेवर येणं आता पक्कं झालंय. खुर्चीच्या पाठीवरून हातावर, आधी वीतभर अंतर, मग हातभर, मग हॉलच्या खिडकीपासून किचनच्या दारापर्यंत, डोंबिवलीच्या वन बीएचकेत ह्याच्यापेक्षा लांब उडायला जागाच नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी, कारण आपल्याकडे पाहुणा बूट काढायच्या आधी पंखा लावतो. गॅस चालू असेल तर सेशन नाही. नॉनस्टिक तवा तर घरातूनच काढलाय, तो जास्त तापला की जो धूर निघतो त्याने पक्षी जातो, आपल्याला वाससुद्धा येत नाही.

खाऊचं म्हणाल तर राळ्याचं कणीस आणि सूर्यफुलाच्या बिया, ह्या दोन गोष्टी फक्त ट्रेनिंगलाच मिळतात, वाटीत कधीच नाही. उपाशी ठेवायची गरज नसते हो. सकाळी पिंजऱ्यातली वाटी तासभर बाहेर काढतो, किचनच्या काट्यावर वजन करतो, वहीत लिहितो आणि मग पाच मिनिटं, जास्तीत जास्त सात. वजन दहा टक्के उतरलं तर ट्रेनिंग गेलं खड्ड्यात, सरळ डॉक्टर.

लहानपणी स्टेशनबाहेर पोपटवाला ज्योतिषी बसायचा. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा, एक दाणा मिळायचा की गपचूप आत, मला तो चमत्कार वाटायचा. आता कळतं की ट्रेनिंग एक नंबर होतं, पण पंख छाटलेले होते. आणि आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा "पिंजऱ्यात मिठू आहे, त्याला काय शिकवू" असं मला कृपया विचारू नका.

क्लिकरचा, म्हणजे "बरोबर केलंस" हे सांगणाऱ्या टक् आवाजाच्या खेळण्याचा, किस्सा राहिलाच. सुरुवातीला मी क्लिकर म्हणून बॉलपेन वापरत होतो, बरोबर केलं की टक् आणि लगेच बी. स्वस्तात काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूष. मग आई दुपारी शब्दकोडं सोडवायला बसली, तिला शब्द आठवत नसला की ती पेन टकटक करते, आणि पिठल्या दर टकटकीला तिच्या खांद्यावर जाऊन बी मागायला लागला, ती काही देईना, तेव्हा तो तिच्या कानातलं ओढायला लागला. चार दिवसांत आवाजाची किंमतच संपली. आता मी जिभेने च्चक करतो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि आईला कोडं सोडवता येतं.

दिवाळी वाईट गेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेअकराला कोणीतरी खाली सुतळी बॉम्ब लावला आणि पिंजऱ्यात एकदम फडफड सुरू झाली. अंधारात दचकले की कॉकाटिल जाळीवर धडका घेतात हे वाचलं होतं, पण प्रत्यक्षात बघताना हातपाय गळतात. लाईट लावून बघतो तर खालच्या कागदावर रक्त. पंखातलं नवीन पीस, ज्याच्यात अजून रक्त वाहत असतं, ते मोडलेलं. कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं तेव्हा थांबलं, सकाळी डॉक्टरला दाखवलं. पण नंतर नऊ दिवस पठ्ठ्या हातावर येईना, हात दिसला की तुरा डोक्याला चिकटवून फिस्स. मग परत पहिलीच्या वर्गात, लांबून काठी दाखवायची, चोच लावली की बी. तेव्हापासून रात्री झिरोचा बल्ब चालू असतो.

आता मुख्य दुखणं, बांगडी. भाचीच्या लहानपणीच्या प्लास्टिकच्या बांगड्या घेतल्यात (धातूच्या नको, जस्त-शिसं पोटात गेलं तर विष) आणि ठोकळ्यात भोक पाडून पेन्सिल उभी केलीय, हा खांब. बांगडी उचलायची आणि पेन्सिलीत घालायची, बस. पहिले तीन आठवडे तो उचलायचा, खांबाजवळ आणायचा, टाकायचा आणि मान वर करून बघत राहायचा. मी च्चक करत होतो, बी देत होतो आणि प्रगती शून्य.

शेवटी मोबाईल चहाच्या डब्याला टेकवून स्लो मोशनमध्ये शूट केलं आणि लाज वाटली. बांगडी चोचीतून सुटते, पडते, पिठल्या मान वर करतो, तुरा उभा राहतो, तो माझ्या डाव्या हाताकडे बघतो जिथे बिया आहेत, आणि आत्ता कुठे माझं च्चक! म्हणजे मी तीन आठवडे त्याला "हाताकडे बघ" हेच शिकवत होतो, आणि ते तो उत्तम शिकला. वर माझा हात च्चकच्या आधीच हलतोय, म्हणजे त्याला च्चक ऐकायची गरजच नाही.

दुसरी अडचण त्याची स्वतःची आहे. बांगडी चोचीत गेली की कड फिरवत चावत बसतो. मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी ब्रेलँड नवराबायको, त्यांनी १९६१ साली ह्याच दुखण्यावर पेपर लिहिला होता. रॅकूनला नाणी गल्ल्यात टाकायला शिकवत होते, एक नाणं असलं तर जमायचं, दोन दिली की तो टाकायचं सोडून एकमेकांवर घासतच बसायचा, खाणं धुतल्यासारखं. वाचून जीव जरा भांड्यात पडला.

आता शेवटाकडून शिकवतोय. बांगडी मीच अर्धी पेन्सिलीत अडकवून धरतो, त्याने फक्त चोचीत धरून सोडायची, सुटली की त्याच क्षणी च्चक, बियांचा हात पाठीमागे. मग बोटभर वरून, मग बाजूने. जाड बांगडी घेतली तर चावणंही कमी होतं, कड चोचीत नीट बसत नाही. काल दहापैकी चार बसल्या, त्यातली एक नशिबाने.

आणि नेमकी आता पिसं झडायला लागलीत. मानेवर नवीन पिसांचे काटे आलेत, खाजवून घ्यायला डोकं पुढे करतो आणि बोट काट्याला लागलं की चावतो. त्यामुळे बांगड्या कपाटात, दोन आठवडे फक्त हाकेवर येणं, तेही साहेबांचा मूड असेल तर. तोपर्यंत खांब बदलायचाय, पेन्सिलीचा रंग तो कुरतडतो. बिनरंगाची, करंगळीएवढी जाड लाकडी काठी कोणी कुठून आणलीय का?