आशीर्वाद कोहेनाचा नव्हे

शनिवार, रात्र. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रामवार, सुटल्यावर.

आज सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, कोहेनांचा म्हणजे पुरोहितांचा आशीर्वाद चालू असताना शेजारचा लहान मुलगा मान वर करून बघायला लागला. त्याच्या आजोबांनी हळूच त्याला आपल्या तल्लीतखाली, म्हणजे प्रार्थनेच्या शालीखाली, ओढून घेतलं. कोहेनांच्या हातांकडे बघायचं नाही. का, ते मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. कोकणात आमच्याकडे कोहेनच नव्हता. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, आशीर्वादाच्या ओळी स्वतः वाचायचा. इथे इस्राएलमध्ये आल्यावर हा विधी पहिल्यांदा अनुभवला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही.

कोहेन म्हणजे मोशेचा भाऊ आणि पहिला पुरोहित अहरोन याच्या वंशातले. ते चपला काढतात, लेवी, म्हणजे पूर्वी मंदिरात सेवा करणाऱ्या वंशातले, त्यांच्या हातांवर पाणी घालतात. मग डोक्यावरून शाल, तिच्याखाली खांद्याइतके उचललेले हात, बोटांमध्ये सोडलेल्या फटी. जेरुसलेममध्ये हे रोज सकाळी होतं. इस्राएलबाहेरच्या अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यू, लोकांत बहुतेक ठिकाणी फक्त सणांना.

ओळी तीनच आहेत, बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. परमेश्वर आपल्या मुखाचा प्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो. परमेश्वर आपलं मुख तुझ्याकडे वळवो आणि तुला शांती देवो. हिब्रूत पहिल्या ओळीत 3 शब्द, दुसरीत 5, तिसरीत 7. मध्ययुगातला भाष्यकार रशी पहिल्या ओळीचा अर्थ अगदी व्यवहारी लावतो: तुझी मालमत्ता वाढो आणि चोरांनी ती नेऊ नये. मला हे फार आवडतं. पोटापाण्याची काळजी आधी, शांती सगळ्यात शेवटी.

हेच शब्द जेरुसलेमच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यात चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्यांवर कोरलेले सापडले, 1979 साली, गॅब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात. सुमारे 2600 वर्षांपूर्वीच्या. इस्राएल म्युझियममध्ये त्या पाहिल्या. उलगडलेली मोठी गुंडाळीसुद्धा 10 सेंटिमीटरला कमीच भरते. बहुधा कुणीतरी ताईत म्हणून गळ्यात घातल्या असतील. ज्याने घातल्या त्यालाही रक्षणच हवं होतं.

पण मला खरं अडकवून ठेवतं ते या तीन ओळींच्या लगेच पुढचं वचन: ते माझं नाव इस्राएलवर ठेवतील आणि मी त्यांना आशीर्वाद देईन. देणारा देवच. म्हणून आशीर्वादात कोहेन स्वतःच्या मनाचा एक शब्दही बोलत नाही. हजान एकेक शब्द सांगतो, तो मागोमाग म्हणतो. चेहरा झाकलेला, शब्द दुसऱ्याने सांगितलेले. त्याच्याकडून मागितलंय ते एकच, प्रेम. आधीच्या प्रार्थनेतच तसं आहे: इस्राएल प्रजेला प्रेमाने आशीर्वाद देण्याची आज्ञा. ज्याचं मंडळीशी वैर आहे त्याने हात उचलूच नयेत, असं धर्मशास्त्रकार सांगतात. विद्वान नसला तरी चालेल, गोड गळा नसला तरी चालेल, पण मनात राग धरून उभं राहणं चालत नाही. इतकी अवघड अट दुसऱ्या कुठल्या विधीला असेल असं मला वाटत नाही. वर्षभर एकाच छताखाली बसणाऱ्या माणसांत कुरबुरी होणारच. हॉलच्या भाड्यावरून, जागेवरून, कुणाच्या सुनेने काय म्हटलं त्यावरून. आणि तरी समोर उभं राहून त्याच माणसांसाठी शांती मागायची.

तल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, आणखी एक गोष्ट आहे. कोहेनांच्या पाठीमागे उभे राहणाऱ्यांपर्यंत आशीर्वाद पोहोचत नाही, पण शेतात राबणाऱ्यांपर्यंत पोहोचतो, कारण ते कामामुळे येऊ शकत नाहीत. माझ्या धाकट्या भावाची आजही रुग्णालयात ड्युटी होती. शब्बाथ चुकला की तो खट्टू होतो. उद्या फोन करून त्याला शेतातल्या माणसांचं हे सांगायचंय.