आमची वाटचाल : आधी एलसी वाचा, मग माल भरा

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या आमच्या गाळ्यावर अजून 'टायपिंग इन्स्टिट्यूट' हीच पाटी आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकात सहा रेमिंग्टन मशीन घेऊन क्लास सुरू केला. सकाळ-संध्याकाळ मुलं तीस-चाळीसच्या स्पीडची तयारी करायची आणि दुपारी मशीन मोकळी असायची. त्या दुपारच्या वेळेत लोटे एमआयडीसीतले केमिकलवाले आणि रत्नागिरीकडचे आंब्याचा पल्प करणारे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट टाइप करून घ्यायला येऊ लागले. पानामागे ठरलेले पैसे, चूक झाली तर पान पुन्हा फुकट. एवढाच आमचा निर्यातीशी संबंध होता.

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद ठरल्यासारखे दिले तर पैसे देऊ, ही खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. ती काय असते हे आम्हाला कागदांच्या एका फसलेल्या सेटमुळे कळलं. यूसीपी 600, म्हणजे एलसीचे आजचे आंतरराष्ट्रीय नियम, यायच्या आधीची ही गोष्ट. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा हापूसच्या पल्पचा कंटेनर जेद्दाला चालला होता. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनी देते ती मालाची पावती) मसुदा, सगळं आप्पांनी टाइप केलेलं. एका अक्षराची चूक नव्हती. कंटेनर कारखान्यात भरला, सील झाला, न्हावाशेव्याला गेला. शिपिंग एजंटने बीएल दिली, तीवर छापलं होतं 'रिसिव्ह्ड फॉर शिपमेंट', म्हणजे माल जहाज कंपनीच्या ताब्यात आला. एलसीत मागितली होती 'शिप्ड ऑन बोर्ड', म्हणजे माल जहाजावर चढल्याची नोंद, तारखेसकट. एक शिक्का आणि एक तारीख मारून घ्यायची राहिली होती. सेट बँकेत गेला तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्यामुळे दुरुस्ती करून पुन्हा सादर करायला वेळच उरला नव्हता. परदेशी बँकेने नकार कळवला. तोवर तिकडचा भाव उतरला होता. खरेदीदार म्हणाला, दहा टक्के कमी करा, मग मी चूक माफ करून वेव्हर देतो. माल त्यांच्या बंदरात, रोज डेमरेज, म्हणजे बंदरातलं भाडं, चढतंय, दुसरा गिऱ्हाईक कुठून आणणार? दहा टक्के सोडावे लागले. कॅनिंगच्या आंब्यात राहतातच किती, ते आंबेवाल्याला विचारा.

कारखानदार आमच्याकडे भांडायला आले नव्हते. आप्पांसमोरच्या स्टुलावर बसून त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, टाइप तुम्ही केलंत, सही मी केली, पण वाचलं कोणी?" आप्पांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुंबईला पाठवलं, नियमांचं पुस्तक आणायला.

ते पुस्तक पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सचं होतं, यूसीपी 500. मी ते डिक्शनरी घेऊन वाचलं, आणि टाइप केलेले कागद एलसीशी ताडून बघणं हेही आमचं काम झालं. पुढे 1 जुलै 2007 पासून यूसीपी 600 लागू झाली तेव्हा आम्ही नव्याने बसलो. कलमं 49 वरून 39 झाली. कागद तपासायला बँकेला आधी 'वाजवी वेळ, पण सात बँकिंग दिवसांच्या आत' अशी मोकळीक होती, ती सरळ पाच बँकिंग दिवसांवर आली. सगळ्यांत जास्त अंगवळणी पडायला हवं ते पाचवं कलम: बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही. तुमचा पल्प किती घट्ट आहे, काजू किती पांढरा आहे, हे तपासनिसाला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायचं कारणही नाही. कागद म्हणेल ते खरं. निर्यातदार बँकेवर चिडतात ते मला पटत नाही. तपासनीस खरेदीदाराच्या बाजूचा नसतो, आपल्याही नसतो, तो एलसीच्या बाजूचा असतो.

अक्षराची चूक आणि आकड्याची चूक यांतला फरकही आम्हाला हळूहळू उमगला. अर्थ बदलत नसेल तर स्पेलिंगची चूक ही डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागद नाकारण्याजोगी तफावत, होत नाही. आयसीसीच्या बँकिंग प्रघातांच्या पुस्तिकेत उदाहरणच आहे: 'मशीन'च्या स्पेलिंगमध्ये 'सी-एच'च्या जागी 'एस-एच' पडलं तर चालतं, पण मॉडेल 321 च्या जागी 123 पडलं तर तो दुसराच माल झाला. म्हणून आमच्याकडे आकडे दोघांनी मिळून वाचायचे. एकीने एलसी मोठ्याने वाचायची, दुसरीने कागदावर पट्टी ठेवून बोट फिरवायचं. शेवटी आकडे उजवीकडून डावीकडे पुन्हा. ही आप्पांची टायपिंगच्या क्लासातली सवय. डोळा ओळखीचा आकडा पुरा न वाचताच पुढे सरकतो, उलटा वाचताना त्याला थांबावंच लागतं. कंटेनर नंबरमध्ये चार अक्षरं आणि सात अंक असतात, आणि त्यांतला शेवटचा अंक आधीच्या दहांवरून हिशोबाने येतो. तो हिशोब आमच्याकडे काम करणाऱ्या मुली करतात. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

कामाची दिशा बदलली ती सावंतवाडीकडच्या एका काजू कारखान्यामुळे. तोवर आमच्याकडे सेट यायचा तो माल जहाजावर चढल्यावर. चूक सापडायची, पण कागदाची असेल तर दुरुस्त व्हायची आणि मालाची असेल तर हात चोळत बसायचं. या मालकांनी एलसी आल्या आल्या मला दाखवली. काजूगराची डब्ल्यू 320 ग्रेड, 700 पेट्या, पार्ट शिपमेंटला, म्हणजे माल खेपाखेपांनी पाठवायला, मनाई. एका पेटीत 11.34 किलोचे दोन डबे, म्हणजे पेटी 22.68 किलोची. मी कारखान्यात गेलो त्या संध्याकाळी 695 पेट्या तयार होत्या. पाच पेट्यांचा गर ओलावा 5 टक्क्यांच्या वर गेल्यामुळे बाजूला काढला होता. कंटेनर सकाळी लागायचा होता. मालक म्हणाले, "पाच टक्के कमी-जास्त चालतं ना? तिसाव्या कलमात आहे, बँकेतल्या साहेबांनीच सांगितलंय."

तिसाव्या कलमात पाच टक्क्यांची सूट आहे हे खरं. पण एलसीत माल किलोत किंवा टनांत सांगितला असेल तेव्हा. पेट्यांच्या किंवा नगांच्या आकड्यात सांगितला की ती सूट मिळत नाही. 700 म्हणजे 700. आणि पार्ट शिपमेंट बंद असल्यामुळे 695 पाठवून ती पहिली खेप म्हणायचीही सोय नव्हती. एलसीत अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्ती, मागवावी तर जहाज चुकणार.

मी हे सांगितलं तेव्हा ग्रेडिंगच्या टेबलाशी बसलेल्या बायका ऐकत होत्या. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या मावशी म्हणाल्या, "होतला रे सगळा, तू कित्याक घाबरतंस?" पाच पेट्या म्हणजे दहा डबे, 113 किलोंच्या वर अख्खा गर, एकही तुकडा चालत नाही. त्या रात्री चौदा जणी बसल्या. ट्यूबलाइटखाली पांढऱ्या गराचे ढीग, सोललेल्या सालाचा तो कोरडा वास, आणि बोटं इतकी झरझर चालत होती की मला क्लासातली मशीन आठवली. पहाटे चारला शेवटच्या डब्यातली हवा काढून गॅस भरला, झाळ दिली. 700 वी पेटी पट्टी मारून खाली ठेवली तेव्हा मालकांनी प्रत्येकीच्या हातात चहा स्वतः दिला. सेट पास झाला.

त्या दिवसापासून आम्ही एलसी आल्यावरच वाचायला मागतो. एलसीत 45ए या रकान्यात मालाचं वर्णन असतं, 46ए मध्ये कागदांची यादी आणि 47ए मध्ये जादा अटी. खाचखळगे बहुतेक 47ए मध्येच सापडतात.

22 जुलै 2021 च्या पुराबद्दल लिहिल्याशिवाय आमची वाटचाल पुरी होत नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमचा गाळा छतापर्यंत बुडाला. कॉम्प्युटर, जुन्या रेमिंग्टन, वीस वर्षांच्या फाइली, सगळ्यावर चिखल. एका केमिकल कंपनीचा सेट मात्र वाचला, कारण शेवटचं वाचन करायला मी तो बुधवारी रात्री उंचावरच्या आमच्या घरी नेला होता. त्या एलसीची मुदत सोमवारी, 26 तारखेला संपत होती. चिपळूणची शाखा पाण्यात. सगळे म्हणाले, बँकच बंद आहे म्हटल्यावर मुदत आपोआप पुढे जाईल. एरवी जातेच. शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीत आला तर एकोणतिसावं कलम पुढचा कामाचा दिवस देतं. पण पूर, भूकंप, दंगल, संप यांनी बँक बंद पडली तर छत्तिसावं कलम लागतं, आणि त्यात मुदत वाढत नाही. बँक उघडेपर्यंत एलसी संपली तर संपली. आपल्या कोकणात हे कलम प्रत्येक निर्यातदाराला पाठ असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शनिवार महिन्यातला चौथा, त्यामुळे सुट्टी. मग रविवार. एलसी कुठल्याही बँकेत निगोशिएट होणारी होती, म्हणजे कागद कुठल्याही बँकेत देता येणार होते, म्हणून सोमवारी पहाटे कंपनीचे मॅनेजर आणि मी गाडी काढून रत्नागिरीच्या शाखेला निघालो. तिन्ही ओरिजिनल बीएल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, मांडीवर. शाखा उघडली तेव्हा आम्ही दारात होतो. पोच घेतली, तीवर 26 तारखेचा शिक्का बघितला आणि मगच घरच्यांना फोन केला. पैसे वेळेत आले. त्या महिन्याचे कामगारांचे पगार त्यातून झाले, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची घरं त्या पाण्यात गेली होती.

गाळा पुन्हा उभा करायला सात महिने लागले. आता आम्ही पाच जण आहोत. दोघी क्लासातच टायपिंग शिकलेल्या, आज त्या विम्याच्या सर्टिफिकेटवरची तारीख शिपमेंटच्या नंतरची आहे की काय, रक्कम सीआयएफच्या, म्हणजे माल, विमा आणि भाडं धरून होणाऱ्या किमतीच्या, 110 टक्के भरते की नाही, हे माझ्याआधी सांगतात. आप्पा आता फारसे उठत नाहीत, पण जमलेल्या सेटची झेरॉक्स मागून घेतात आणि भिंग लावून उलटी वाचतात.

या आठवड्यात टेबलावर पल्पच्याच एका एलसीचा मसुदा आहे. 47ए मध्ये एक ओळ आहे: तपासणीच्या दाखल्यावर खरेदीदाराच्या प्रतिनिधीची सही हवी, आणि ती सही बँकेकडच्या नमुन्याशी जुळली पाहिजे. म्हणजे त्या माणसाने सही केली नाही, किंवा थोडी वेगळी केली, तर आपण काहीही करून सेट पास होणार नाही. ही अट काढा, नाहीतर तपासणी त्रयस्थ संस्थेकडून करून घ्या, असं आम्ही निर्यातदाराकडून लिहवून घेतलं आहे. कॅनिंगच्या आंब्याच्या गाड्या कारखान्याच्या फाटकाशी यायला लागल्या आहेत. उत्तर येईपर्यंत या ऑर्डरीचा आंबा उतरवून घेऊ नका, असं मी काल रात्री त्यांना फोन करून सांगितलं. ते थांबले आहेत.